भ्यालेल्या जिवाचे ‘लाड’

वैशाखाच्या अखेरीस पुण्याच्या आकाशांत दुपारीं ढग चढूं लागले, वारा एकाएकीं पडला, आणि दुरून ओल्या मातीचा वास येऊं लागला, म्हणजे माणसांना हायसें वाटतें. दोन महिने तापलेल्या भिंती आतां निवतील या आनंदांत आपण खिडक्या उघडतों, भजीं तळावयास घेतों, आणि वळवाच्या पहिल्या सरीचें स्वागत करतों. पण त्याच घरांत असा एक प्राणी असतो कीं, ज्याला या उत्सवाची वार्ता आपल्या आधीं लागलेली असते, आणि जो त्या वेळीं पलंगाखालीं शिरून, जीभ बाहेर काढून, थरथर कांपत असतो. या प्राण्याचें काय करावें, याविषयीं आमच्या सुशिक्षित समाजांत एक मत फार दृढमूल झालें आहे. तें असें कीं, भ्यालेल्या कुत्र्याला जवळ घेऊं नये. त्याला गोंजारलें, तर भिण्याबद्दल त्याला बक्षीस दिल्यासारखें होतें, आणि त्याची भीति वाढते. सबब त्याच्याकडे लक्ष न देणें हीच खरी दया होय. हें मत खोटें आहे, अपायकारक आहे, आणि तें शास्त्राच्या नांवावर खपविलें जात असल्यामुळें अधिकच निषेधार्ह आहे, असें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

हें मत मांडणारे लोक निर्दय असतात, असें मुळींच नाहीं. उलट कुत्र्याच्या जेवणाखाण्याचा, लशींचा, आंघोळीचा सर्व बंदोबस्त ते काटेकोरपणें ठेवतात. त्याच्या शिक्षणाविषयीं चार पुस्तकेंही त्यांनीं वाचलेलीं असतात. मी स्वतः त्यांच्यापैकींच एक होतों. आमच्या घरीं मोत्या नांवाचा एक गांवठी कुत्रा होता. तो दोन वर्षांचा असतांना, एका जाणत्या म्हणविणाऱ्या गृहस्थाच्या सल्ल्यावरून, मीं त्याला वादळाच्या वेळीं मागल्या खोलींत एकटा ठेवून दार लावून घेतलें. ‘अर्धा तास ओरडेल, मग आपोआप शहाणा होईल,’ असें आश्वासन मला मिळालें होतें. अर्ध्या तासानें तो खरोखरच गप्प झाला, आणि मला माझ्या खंबीरपणाचा अभिमान वाटला. पाऊस ओसरल्यावर दार उघडलें, तेव्हां दाराच्या खालच्या फळीवर रक्ताचे ओरखडे होते, आणि मोत्याच्या पुढल्या पायाचीं दोन नखें मुळापासून तुटलीं होतीं. तो गप्प झाला होता तो शहाणा झाला म्हणून नव्हे, तर थकला म्हणून. त्या दिवसापासून त्यानें त्या खोलींत पाऊल टाकलें नाहीं, आणि नुसतें आभाळ अंधारून आलें तरी तो भिऊं लागला. एक भय घालविण्याच्या भरांत मीं त्याला आणखी दोन भयें दिलीं.

या मताच्या मुळाशीं जो घोटाळा आहे, तो प्रथम उकलून दाखविला पाहिजे. बक्षिसानें वाढते ती कृति. कुत्र्यानें पंजा पुढें केला आणि आपण त्याला खाऊ दिला, तर तो उद्यां पुन्हां पंजा पुढें करील. कारण पंजा पुढें करणें वा न करणें हें त्याच्या इच्छेवर अवलंबून आहे. भय ही कृति नव्हे. ती मनाची आणि शरीराची अवस्था आहे. छाती धडधडणें, लाळ गळणें, अंग कांपणें या गोष्टी कोणी ठरवून करीत नाहीं. एखाद्या गृहस्थाच्या पायाजवळून साप निघून गेला, तो घामाघूम होऊन ओटीवर बसला, आणि शेजाऱ्यानें त्याच्या पाठीवरून हात फिरवून त्याच्यापुढें पाण्याचा तांब्या ठेवला. एवढ्यावरून पुढच्या खेपेस पाण्याच्या लोभानें तो सापाला अधिक भिऊं लागेल, असें कोणीही शहाणा म्हणणार नाहीं. मनुष्याविषयीं जें म्हटलें असतां हंसूं येईल, तेंच कुत्र्याविषयीं म्हटलें कीं शास्त्र ठरतें, हा न्याय कोठला?

आणि ज्या शास्त्राचें नांव पुढें केलें जातें, त्याची साक्ष तरी काय आहे? अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यानें १९२० सालीं रोझली रेनर हिच्या साहाय्यानें एका तान्ह्या मुलावर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. त्या मुलाला पांढऱ्या उंदराचें भय नव्हतें. उंदीर जवळ आला कीं मुलाच्या पाठीमागें पोलादी कांबेवर हातोडा मारावयाचा, असें कांहीं वेळां करतांच तें मूल नुसत्या उंदराला भिऊं लागलें, आणि मग ससा व दुसऱ्या केसाळ वस्तु यांनाही भिऊं लागलें. मोठ्या आवाजाचें भय शेजारच्या निरपराध वस्तूंना कसें जाऊन चिकटतें, याचा यापेक्षां स्पष्ट पुरावा नको. मोत्याला बंद खोलीचें आणि काळ्या आभाळाचें भय बसलें, तें याच नियमानें. आधीं वारा, मग अंधार, मग वीज, मग गडगडाट, हा क्रम ज्यानें दहा वेळां अनुभविला, त्याला अकराव्या वेळीं नुसता वाराही पुरेसा होतो. अशा वेळीं त्याला एकटें टाकणें म्हणजे त्या भयाच्या सांखळींत आपल्या हातानें आणखी एक कडी ओवणें होय. आणि ती कडी म्हणजे आपण स्वतः.

याच वॉटसननें १९२८ सालीं आईबापांसाठीं एक पुस्तक लिहिलें, आणि मुलांना कुरवाळूं नये, मांडीवर घेऊं नये, सकाळीं त्यांच्याशीं हस्तांदोलन करावें, असा उपदेश केला. तो उपदेश आज कोणी मानीत नाहीं. १९५८ सालीं हॅरी हार्लो यानें माकडांच्या पिलांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ते प्रयोग स्वतःच निर्दय होते. पण त्यांपासून मिळालेला धडा विसरण्याजोगा नाहीं. आईपासून तोडलेल्या पिलांना दोन कृत्रिम आया दिल्या होत्या. एक तारेची, दुसरी मऊ कापडाची. भयप्रद खेळणें समोर येतांच पिलूं कापडाच्या आईला जाऊन बिलगे, आणि तिच्या अंगाचा आधार मिळाला म्हणजे तेंच पिलूं मान वळवून त्या खेळण्याकडे धीटपणें पाहूं लागे. आधारानें भित्रेपणा वाढला नाहीं, धैर्य वाढलें. मुलांच्या बाबतींत आम्हीं टाकून दिलेला वॉटसनचा उपदेश कुत्र्यांसाठीं मात्र जपून ठेवला आहे. घरांतल्या माणसांनीं टाकलेलें जुनेर कुत्र्याच्या बिछान्याला घालावें, तसा!

आमच्या घरांतल्या वृद्ध स्त्रियांना हार्लोही ठाऊक नव्हता आणि वॉटसनही ठाऊक नव्हता. विजा चमकूं लागल्या म्हणजे अर्जुनाचीं दहा नांवें घ्यावयाचीं, ही महाराष्ट्रांतली जुनी चाल. मुलें आजीच्या पदराखालीं शिरत, आजी तीं नांवें एका संथ लयींत म्हणे, आणि मुलेंही तिच्यामागून म्हणूं लागत. अर्जुनाच्या नांवानें वीज दुसरीकडे वळत असे कीं नाहीं, हा प्रश्न येथें गौण आहे. परिचित स्वर, परिचित स्पर्श आणि ठरलेला क्रम यांनीं भ्यालेल्या जिवाचा श्वास संथ होतो, हें त्या आजीला कळत होतें. ‘पोराला जवळ घेतलें तर तें जन्माचें भित्रें होईल,’ असें ती कधीं म्हणाली नाहीं. आणि त्या पदराखालीं वाढलेलीं मुलें पुढें भर पावसांत शेतावर गेलीं, घाट चढलीं, गलबतेंही हांकलीं.

भयावरील उपायही कांहीं आजचा नाहीं. १९२४ सालीं मेरी कव्हर जोन्स या विदुषीनें पीटर नांवाच्या सुमारें तीन वर्षांच्या, सशाला भिणाऱ्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मूल आपला आवडता खाऊ खात असे, आणि ससा खोलीच्या दूरच्या टोंकाला ठेवीत. मग हळूहळू तो जवळ आणीत. अखेर तो मुलगा सशाला स्वतः गोंजारूं लागला. भ्यालेल्याला खाऊ दिल्यानें भय वाढत असतें, तर पीटरचें वाढावयास पाहिजे होतें, तें गेलें. बर्न विद्यापीठांतील स्टेफानी रीमर यांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत १२२५ कुत्र्यांच्या मालकांना फटाक्यांच्या भयावरील उपायांविषयीं विचारलें होतें. आवाज झाल्याबरोबर कुत्र्याला खाऊ देणें किंवा त्याच्याशीं खेळणें हा उपाय ज्यांनीं केला होता, त्यांच्यापैकीं शेंकडा सत्तरांहून अधिक जणांनीं त्याचा गुण आल्याचें सांगितलें. ही मालकांची साक्ष आहे, आणि ती फटाक्यांविषयीं आहे, हें मान्य. पण ‘बक्षिसानें भय वाढतें’ हा सिद्धान्त खरा असता, तर ती नेमकी उलट यावयास हवी होती.

आतां पूर्वपक्षाचीं राहिलेलीं शस्त्रें पाहूं. पहिलें असें कीं, कुत्रा सोंग करतो. लक्ष वेधून घेण्याची ती त्याची युक्ति आहे. यास उत्तर रसायनशास्त्रानें दिलें आहे. पेनसिल्व्हानियांतील नॅन्सी ड्रेशेल व डग्लस ग्रेंजर यांनीं २००५ सालीं, वादळाला भिणाऱ्या कुत्र्यांना वादळाच्या आवाजाचें ध्वनिमुद्रण ऐकवून, त्यांच्या लाळेंतील कॉर्टिसोल या द्रव्याचें मापन प्रसिद्ध केलें. शरीर संकटांत असतां हें द्रव्य वाढतें. तें दुपटीहून अधिक वाढलें, आणि चाळीस मिनिटांनंतरही पूर्ववत् झालें नाहीं. ज्या घरांत दुसरे कुत्रे होते, तेथील कुत्रे लवकर सांवरले. सोंग घेणाऱ्याची लाळ सोंग घेत नाहीं. आणि सोबतीचा उपयोग नसता, तर सोबत असलेले लवकर सांवरले नसते.

दुसरें शस्त्र सवयीचें. ‘दर वर्षीं पाऊस येतो, ऐकून ऐकून संवय होईल.’ असें असतें, तर आमच्याकडील प्रत्येक म्हातारा कुत्रा निर्भय व्हावयास हवा होता. सौम्य आवाजाची संवय होते. ज्या आवाजानें जिवाचा थरकांप होतो, त्याची संवय होत नाहीं, धास्ती मात्र बळावते. उलट असेंही घडतें कीं, उमेदीच्या वयांत धीट असलेला कुत्रा उतारवयांत एकाएकीं गडगडाटाला भिऊं लागतो. त्याला ‘म्हातारचळ’ म्हणून हंसण्यापूर्वीं त्याचे सांधे तपासून घ्यावे. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत आवाजाला भिणाऱ्या वीस कुत्र्यांची तुलना केली होती. त्यांपैकीं दहांना स्नायूंचें अथवा सांध्यांचें दुखणें होतें, आणि अशांना आवाजाचें भय इतरांपेक्षां बऱ्याच उशिरा जडलेलें आढळलें. आवाजानें दचकलें कीं अंग आंखडतें, आंखडलें कीं कळ येते, आणि ती कळ आवाजाच्या पदरीं जमा होते. तेव्हां ज्याला आपण भित्रा म्हणून हिणवितों, तो कदाचित् दुखणाईत असेल.

तिसरें शस्त्र निसर्गाचें. ‘रानांतल्या कोल्ह्यालांडग्यांना कोण पोटाशीं धरतें?’ हा प्रश्न ऐकावयास मोठा बाणेदार वाटतो. पण विचारणारा हें विसरतो कीं, रानांतल्या लांडग्याच्या गळ्यांत सांखळी नसते. त्याला गुहा असते, बीळ असतें, आपल्या जातीचा कळप असतो. आपण कुत्र्याचा कळप काढून घेतला, बीळ काढून घेतलें, त्याला चौथ्या मजल्यावरील सदनिकेंत आणून ठेवलें, आणि संकट आलें म्हणजे ‘आतां रानांतल्यासारखा वाग,’ असें सांगतों! त्यांतून जे लोक बंगल्याच्या आवारांत किंवा गच्चीवर कुत्रा बांधून ठेवतात, त्यांच्याविषयीं तर बोलावयासच नको. उघड्यावरील गच्ची आणि एकटें उंच झाड या वीज पडण्याच्या जागा होत. तेथें लोखंडी सांखळीला जखडलेल्या जनावराला भयापासून पळतां येत नाहीं आणि मृत्यूपासूनही पळतां येत नाहीं. जनावराला गैरवाजवी आंखूड वा जड सांखळीनें गैरवाजवी काळ बांधून ठेवणें ही क्रूरता आहे, असें १९६० च्या प्राणिक्रूरता-प्रतिबंधक कायद्यानें म्हणून ठेवलें आहे. ज्या घरांत घटनेवर व्याख्यानें होतात, त्या घरांतल्या आवारांतही तो कायदा लागू आहे.

चौथें शस्त्र सर्वांत सोयीचें, म्हणूनच सर्वांत घातक. ‘एक गोळी द्या, निजेल.’ कुत्र्यांना पूर्वीं सर्रास दिलें जाणारें ॲसेप्रोमाझिन नांवाचें एक गुंगीचें औषध आहे. त्यानें जनावर निपचित पडतें, आणि घरांतील मंडळींना स्वस्थता लाभते. पण अंग लुळें पडलें म्हणजे भय ओसरलें, असें नव्हे. भय तसेंच आंत राहतें. फक्त पळण्याची, लपण्याची, ओरडण्याची शक्ति जाते. हातपाय बांधून तोंडांत बोळा घातलेल्या माणसाला शांत म्हणण्यासारखेंच हें आहे. म्हणून भयावर एकट्या या औषधाची योजना करूं नये, असें जाणते पशुवैद्य आतां सांगतात. भय खरोखर कमी करणारीं औषधें आज आहेत. अमेरिकेच्या औषधनियंत्रण खात्यानें कुत्र्यांच्या आवाजभयासाठीं म्हणून एका औषधास २०१५ सालीं मान्यताही दिली. कुत्र्याचें भय तीव्र असेल, तर पशुवैद्याच्या सल्ल्यानें औषध देण्यांत कांहींच कमीपणा नाहीं. पण घरांतल्या औषधांच्या डब्यांतली स्वतःची झोपेची गोळी मोडून देणें हा गुन्हा आहे. आणि मांजराला पॅरासिटामॉल देणें म्हणजे तर त्याला विष देणें होय.

मग करावें काय? यांत गूढ असें कांहींच नाहीं. आभाळ भरून येऊं लागलें कीं कुत्र्याला फिरवून आणावें, म्हणजे ऐन पावसांत त्याला बाहेर जावें लागणार नाहीं. दारें, खिडक्या लावाव्या, पडदे ओढावे, दिवा लावावा, म्हणजे विजेचा लखलखाट डोळ्यांवर येणार नाहीं. पंखा किंवा रेडिओ चालूं ठेवावा. मनुष्याला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकूं येतो, कुत्र्याला सुमारें पंचेचाळीस हजारांपर्यंतचा. म्हणून आपल्याला सुसह्य तें त्यालाही सुसह्य असेल, असें धरून चालूं नये, आणि हा रेडिओही मंदच असावा. मोरी, कपाटाचा कोपरा, पलंगाखालची जागा, जें त्यानें लपण्यासाठीं पसंत केलें असेल, तें त्याला मोकळें ठेवावें. तेथून त्याला ओढून काढूं नये, आणि घरभर फेऱ्या घालीत असेल तर जबरीनें बसवूंही नये. तो आपण होऊन जवळ आला, तर त्याला जवळ घ्यावें. नाहीं आला, तर जवळ बसून आपलें काम करीत राहावें. मांजराची रीत याहून न्यारी. त्याला बहुधा आपली मांडी नको असते, उंच किंवा अंधारी जागा आणि एकांत हवा असतो. तो त्याला द्यावा. घाबरलेला कुत्रा फट सांपडली कीं वाट फुटेल तिकडे धांवतो. म्हणून फाटकाची कडी पाहावी, आणि गळपट्ट्यावर आपला दूरध्वनि-क्रमांक असूं द्यावा.

हे झाले वादळाच्या दिवसाचे उपचार. शिक्षण मात्र कोरड्या दिवसांतच व्हावें. मार्गशीर्षपौषांत, आभाळ निरभ्र असतां, गडगडाटाचें ध्वनिमुद्रण अगदीं मंद लावून त्याच वेळीं कुत्र्याला आवडीचा घांस द्यावा. तो स्वस्थ असेल तरच आवाज केसभर वाढवावा, आणि त्यानें कान टंवकारले कीं मागें यावें. पीटरचा ससा असाच जवळ आणला होता. वादळांतला वारा, अंधार आणि लखलखाट ध्वनिमुद्रणांत नसतात, त्यामुळें यानें सर्वच कुत्रे पूर्ण निर्भय होतील, असें वचन कोणी देऊं नये. पण जो उपाय चार महिने आधीं आरंभावयाचा, तो आम्हांस ऐन गडगडाटांत आठवतो. आणि मग त्याची उणीव भरून काढण्यासाठीं आम्ही त्या बिचाऱ्याच्या अंगीं धैर्य नाहीं म्हणून त्यालाच दोष देतों.

जवळ घेतल्यानें भय बरें होतें, असा माझा दावा नाहीं. दावा इतकाच कीं, त्यानें भय वाढत नाहीं. आणि संकटांत असलेल्या जिवाला आपण त्याचे आहों एवढें कळविण्यासाठीं दुसऱ्या कोणत्याही समर्थनाची गरज नाहीं. स्वर्गाच्या दारांतून आपल्यामागें आलेल्या कुत्र्याला सोडून आंत जाण्याचें धर्मराजानें नाकारलें, ही कथा आपण मुलांना मोठ्या अभिमानानें सांगतों. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणारे नामदेव आपल्याच भूमींतले. आपल्याला स्वर्ग सोडावयाचा नाहीं, कीं तुपाची वाटी घेऊन धांवावयाचें नाहीं. अर्धा तास हातांतलें काम बाजूला ठेवून जमिनीवर बसावयाचें आहे, इतकेंच.

मोत्या पुढें अकरा वर्षें जगला. त्याचें भय पूर्णपणें कधींच गेलें नाहीं. पण शेवटचीं सहासात वर्षें तो आभाळ अंधारलें कीं मागल्या दाराकडे न धांवतां माझ्या खुर्चीखालीं येऊन बसे, आणि माझा हात त्याच्या मानेवर असतां, गडगडाट दूर गेला म्हणजे झोंपून जाई. जी भीति मीं बंद दारानें वाढविली होती, ती उघड्या हातानें कांहींशी फेडली. आतां वाचकांपैकीं कोणाच्या घरीं यंदा वळीव येईल, आणि पलंगाखालून दोन डोळे आपल्याकडे पाहतील, तेव्हां ‘लाड होतील’ ही शंका मनांत आणूं नये. आजीनें आपल्याला पदराखालीं घेतलें होतें, तेव्हां तिनें ती आणली नव्हती.